तुआनच्या पंगतीला

क्वालालंपूर, ४ जुलै १९९३

आबाह,

सलाम. तब्येत कशी आहे म्हणून विचारत नाही, कारण तुम्ही "ठणठणीत" एवढंच लिहिणार. मक सू आत्याची मुलगी परवा बसनं इकडे आली, तिनं सगळं सांगितलं. पासिर मासचं रेल्वे फाटक, व्हॅनमध्ये शाळेची अकरा पोरं आणि चालक महाशय घोरतायत! गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे लोक भोंगे वाजवून दमले. शेवटी पहिलीतल्या एका पोरीनं तुमची टोपी ओढली तेव्हा तुम्ही जागे झालात. फाटकाशी थांबला होतात म्हणून निभावलं. चालत्या गाडीत डोळा लागला असता तर? मला तर त्या रात्री जेवण गेलं नाही.

मुख्याध्यापिका हलीमाबाईंनी तुम्हाला एक ऑक्टोबरपर्यंत मुदत दिलीय म्हणे. तोवर दवाखान्यातून साखर आटोक्यात असल्याचा कागद आणला नाहीत, तर व्हॅन दुसऱ्याच्या हातात. आणि यातलं एक अक्षर तुम्ही मला कळवलं नाहीत.

मी इथे दवाखान्यात रोज शंभर रोग्यांना सांगते, सकाळचं खाणं सांभाळा, डोकं ताजं राहील. आणि माझा बाप सकाळी सहा वाजता मक सूच्या टपरीवर बसून काय खातो, तर केळीच्या पानातला नासी भात दोन पुड्या, वर साखरेत बुडवलेले अंड्याचे तीन अकोक केक, आणि घट्ट दुधाचा चहा दोन पेले. त्यानंतर झोप नाही येणार तर काय येईल?

पण तुमच्या त्या होल्याचं मात्र सगळं कसं शिस्तीत! नावसुद्धा काय, तर तुआन, म्हणजे साहेबच. साहेबांसाठी पहाटे उठून राळे निवडायचे, मूग भिजवायचे, अंडं उकडून बलक कुस्करायचा. शुक्रवारच्या गाण्याच्या शर्यतीत साहेबांचा आवाज बसता कामा नये ना! पाखराला जेवढं जपता, त्याच्या निम्मं स्वतःला जपा. एक उकडलेलं अंडं, मोड आलेले मूग, भाजलेला मासा, पपईची फोड, बिनसाखरेचा चहा. एवढंच मागतेय.

तुमची,
आनी

*

पासिर मास, ११ जुलै

आनी बेटी,

सलाम. मी ठणठणीत आहे.

ती डुलकी नव्हती. मी डोळे मिटून विचार करत होतो. बत्तीस वर्षं गाडी चालवतोय, एकदा विचार केला तर गावभर बोभाटा! आणि मक सूच्या मुलीला जरा कमी बोलायला सांग. आईनं भात विकावा आणि लेकीनं बातम्या विकाव्यात, असं त्यांच्या घरात चाललंय.

तुझी यादी वाचली. त्यात भात कुठाय? तीनदा उलटून पालटून पाहिली. अगं, आपल्याकडे भात पोटात गेला नाही तर त्याला खाणं म्हणतच नाहीत. अंडं काय, मूग काय, ते तोंडात टाकायचं असतं. माझ्या आजोबांनी जन्मभर सकाळी नासी खाल्ला आणि ऐंशीव्या वर्षी नारळाच्या झाडावर चढायचे. (पडले, पण ते ब्याऐंशीव्या वर्षी.)

तुआनची गोष्ट वेगळी. त्याला वीस हात उंच खांबावर टांगतात आणि खाली पाच परीक्षक कान लावून फिरतात. मला कोण टांगणार आहे?

काळजी करू नकोस. कागद आणीन मी.

तुझा आबाह

*

क्वालालंपूर, २४ जुलै

मक सू,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. आबाहना कळलं तर माझी धडगत नाही.

तुला ठाऊकच आहे, आबाह माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं तर नाहीच नाही. ऐकतात फक्त होल्यांच्या उस्तादांचं. म्हणून उद्या मी त्यांना टपालानं एक पत्र धाडतेय. खाली नाव असेल सीमेपलीकडच्या चाना गावचे उस्ताद तोक सालेह. असा माणूस जगात नाही. ती मी आहे. माझ्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीच्या ऑफिसाचा पत्ता दिलाय, तिथंच टाइप केलंय, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही.

तू एवढंच कर. आबाह चार दिवस टपरीवर आले नाहीत तर "का हो दादा, रुसलात का?" म्हणून हाका मारत घरी जाऊ नकोस. तुझं एक गिऱ्हाईक मी तोडतेय, माफ कर. भाऊ तुझाच आहे.

आनी

*

मुक्काम क्वालालंपूर, २५ जुलै

पक्षिप्रेमी श्रीमान वान सेमान यांस,

तोक सालेह, चानावाले, यांचा सलाम पोचावा. डोळ्यांच्या उपचारासाठी सध्या मुलाकडे राजधानीत आहे. नात टाइप करून देते. आपल्या तुआनची कीर्ती इथवर आली. गळा सोन्याचा, पण तिसऱ्या फेरीत सूर ढिला पडतो, असं ऐकलं. खरं ना?

दोष पक्ष्याचा नाही. स्पष्ट बोलतो, रागावू नये. होला मालकाचा जीव ओळखतो. मालक सकाळी सुस्त, तर होला सुस्त. मालक गोड चहा ढोसून जड झाला की तिकडे पिंजऱ्यात त्याचा गळा जड होतो. आमच्या घराण्यात म्हणूनच मालक पक्ष्याच्या पंगतीला बसतो. पिंजरा स्वयंपाकघरातल्या मेजावर ठेवायचा आणि त्याच्यासमोर बसून त्याचंच अन्न खायचं. शिजवलेले राळे, मोडाचे मूग, उकडलेलं अंडं, ताजा पाला. आपण माणूस, तेव्हा भाजलेला मासा आणि पपई चालेल. साखर नाही, घट्ट दूध नाही. आधी मालकानं घास घ्यायचा, मग पक्ष्यानं. खाणं झालं की दोघांनी अर्धा तास मोकळ्या हवेत, आपण चालायचं, त्यानं झुलायचं. पेगागाचा पाला विसरू नये, त्यानं बुद्धी लख्ख राहते, दोघांचीही.

एकही दिवस चुकवू नये. चुकला की सूर तुटलाच म्हणून समजा.

आपला,
तोक सालेह

*

पासिर मास, ३ ऑगस्ट

आदरणीय तोक सालेह,

आपल्यासारख्या थोर माणसानं माझ्यासारख्या व्हॅनवाल्याला पत्र लिहावं! मी ते तीनदा वाचलं, मग तुआनला वाचून दाखवलं. तिसऱ्या फेरीचं आपण ओळखलंत कसं? मी कुणाला बोललो नव्हतो. उस्ताद ते उस्तादच.

आज पाचवा दिवस. पहिले तीन दिवस जीव नकोसा झाला. राळे म्हणजे काय, ओल्या वाळूत मीठ घालून खाल्ल्यासारखं. मक सूच्या टपरीवरून वास यायचा तेव्हा खिडकी लावून घ्यायचो. तुआन मात्र माझ्याकडे एकटक बघत बसतो. मी घास घेतल्याशिवाय तो चोच लावत नाही, शप्पथ! त्याच्यासमोर माघार कशी घेणार?

एक शंका. बुदू, म्हणजे आमची माशाची चटणी, दोन थेंब चालेल का? तुआनला नको, मला.

आपला सेवक,
वान सेमान

*

क्वालालंपूर, ९ ऑगस्ट

श्रीमान वान सेमान यांस,

दोन थेंब. तीन नव्हे.

तोक सालेह

*

पासिर मास, २० ऑगस्ट

आनी,

सलाम. तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतोय, कामात आहे. हल्ली एका फार मोठ्या माणसाशी माझा पत्रव्यवहार चालतो. नाव सांगून तुला कळायचं नाही, तुझं ज्ञान सुया टोचण्यापुरतं.

तुझ्या त्या यादीतलं काही मी करत नाही, आधीच सांगतो. पण शिस्त लागली की माणूस आपोआप हलका होतो. विजारीची नाडी चार बोटं आत आलीय. फाटकापाशी गाडी थांबली की मी आता पोरांना पाढे म्हणायला लावतो. आधी पोरं चुकली की मला कळायचं नाही, आता एकही सुटत नाही. परवा तेराच्या पाढ्यात हलीमाबाईंच्या मुलाला पकडलं. बाई जरा नाराज दिसल्या.

मक सूची गंमतच झालीय. मला बघितलं की हसते आणि ओढणीआड तोंड लपवते. वय झालं तिचं.

दवाखान्याची तपासणी ८ सप्टेंबरला आहे. उपाशीपोटी बोलावलंय. जाईन.

आबाह

*

क्वालालंपूर, २७ ऑगस्ट

आबाह,

सलाम. त्या थोर माणसाला माझा नमस्कार सांगा. बापाची नाडी चार बोटं आत आणणारा माणूस मला देवासारखाच.

तपासणीच्या दिवशी मात्र खरंच उपाशी जा. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नको. सकाळी न्याहारी अजिबात करायची नाही. कळलं? न्याहारी नाही!

आनी

*

पासिर मास, ९ सप्टेंबर

आनी,

सलाम. काल तपासणी झाली. तू सांगितल्याप्रमाणे न्याहारी न करता गेलो. नर्सनं विचारलं, "काका, न्याहारी केली का?" मी छाती ठोकून सांगितलं, "नाही." तरी साखर वरच निघाली. डॉक्टरनं मान हलवली. सव्वीस तारखेला आणखी एकदा ये म्हणाला, शेवटची संधी म्हणून.

मी जाणार नाही. सहा आठवडे जिवाचं पाणी केलं आणि हाती काय लागलं? म्हणजे रक्तातच खोट आहे माझ्या. व्हॅन सोडून देतो. हलीमाबाईंना महिनाअखेरीस सांगेन. पोरांची सवय मोडायला थोडे दिवस लागतील, त्यांची आणि माझी.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

आबाह

*

पासिर मास, ९ सप्टेंबर

आदरणीय तोक सालेह,

मन फार खट्टू आहे, म्हणून आपल्याला लिहितो. दवाखान्याच्या तपासणीत मी नापास झालो. माझी व्हॅन आता जाणार. पण आपला नियम मोडला नाही बरं का. काल तपासणीच्या दिवशीसुद्धा पहाटे तुआनसमोर बसलो. राळे, मूग, अंडं, पपईच्या दोन फोडी, सगळं त्याच्या पंगतीला घेतलं आणि मगच दवाखान्यात उपाशी गेलो.

आता तोक, एक कबुली. टपरीवर मी नासीसाठी जायचो, असं सगळ्यांना वाटतं. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी त्या स्वयंपाकघरात पाय ठेववत नव्हता. पाखराचं काम उभ्याउभ्या उरकायचं आणि बाहेर पळायचं. टपरीवर निदान माणसं असतात, कुणीतरी "घ्या हो आणखी" म्हणतं. आपलं पत्र आलं आणि मी दोन वर्षांनी त्या मेजाशी बसलो. पाखरासमोर का होईना, बसलो.

हे मी माझ्या मुलीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती नोकरी टाकून धावत येईल. आपल्याला सांगता आलं, कारण आपण मला ओळखत नाही.

व्हॅन गेल्यावर पहाटे उठून काय करायचं, हे मात्र सुचत नाही. त्यावर काही उपाय असेल तर कळवावा.

वान सेमान

*

क्वालालंपूर, १५ सप्टेंबर

आबाह,

हे पत्र वाचून तुम्ही फार चिडणार आहात, आणि चिडाच. पण शेवटपर्यंत वाचा.

तोक सालेह कुणी नाहीत. चानात नाहीत, डोळ्यांचा आजार नाही, नात नाही. ती पत्रं मी लिहिली. तुम्ही माझं ऐकेनात म्हणून तुआनच्या आडून तुम्हाला खाऊ घातलं. तिसरी फेरीसुद्धा मी अंदाजानं ठोकून दिली होती.

आता नीट ऐका. राळे, मूग, अंडं आणि पपई म्हणजे खाणंच आहे! भात नसला तरी! ते पोटात गेलं की साखर वर येणारच. तुम्ही उपाशी गेला नव्हतात आबाह, तुम्ही साग्रसंगीत जेवून गेला होतात. तुमच्या रक्तात खोट नाही, त्या दिवशी पोटात मूग होते. सव्वीस तारखेला फक्त पाणी पिऊन जा. तुआन रुसला तर रुसू दे. मी हात जोडते, व्हॅन सोडू नका.

तोक सालेहच्या नावानं आणखी एक थाप मारता आली असती. "अमुक तारखेला मालकानं उपास धरावा" असं लिहिलं असतं की तुम्ही डोळे मिटून केलं असतंत. कागदसुद्धा टाइपरायटरला लावला होता. पण आईबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचल्यावर माझ्यानं एक अक्षर उमटवेना. ते माझ्यासाठी नव्हतं. मी चोरून वाचलं. मैत्रिणीच्या ऑफिसातल्या बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

माफ करा.

आनी

*

क्वालालंपूर, २ ऑक्टोबर

आबाह,

सव्वीस तारीख गेली, एक तारीखही गेली. तुमचं पत्र नाही. मक सूला लिहिलं, तर तिचं उत्तर आलं की दादा माझ्याशीही बोलत नाही, व्हॅन दारात दिसते की नाही तेही सांगणार नाही, तुमचं बापलेकीचं तुम्ही निस्तरा.

शिव्या द्या, पण लिहा. नुसतं "ठणठणीत" लिहिलंत तरी चालेल.

आनी

*

पासिर मास, ८ ऑक्टोबर

आनी,

सलाम. शिव्या लिहिल्या होत्या, दीड पान. मग वाचून बघितलं तर त्यातल्या निम्म्या मलाच लागू पडत होत्या. फाडून टाकलं.

आधी महत्त्वाचं. सव्वीसला गेलो. त्याच नर्सनं विचारलं, "न्याहारी केली का?" मी म्हटलं, "भात नाही, राळे नाहीत, मूग नाहीत, अंडं नाही, पपई नाही, पेगागाचा पालासुद्धा नाही." तिनं सगळं कागदावर लिहून घेतलं. साखर खाली आलीय. अगदी तुम्हा लोकांच्या पुस्तकातल्यासारखी नाही, पण डॉक्टरनं सही केली. हलीमाबाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "ठीक आहे, पण ते पाढे जरा कमी करा." व्हॅन माझ्याकडेच आहे. पोरांनी पहिल्याच फाटकाला माझी टोपी ओढली. मी जागा होतो, तरी ओढली.

तुआनचं मात्र वाटोळं झालं. माझ्यासोबत खाऊन खाऊन फुगलाय. मागच्या शुक्रवारी खांबावर चढवला तर साहेब वर जाऊन झोपले. परीक्षक खाली कान लावून फिरतायत आणि हा छाती फुगवून डुलक्या घेतोय. लोक हसले. मी म्हटलं, विचार करतोय तो.

आता तुझं. मी खूप रागावलो होतो. लाजही वाटली. जे बायकोबद्दल परक्या माणसाला सांगितलं, ते पोरीनं वाचलं. टपरीवर गेलो, दोन पुड्या नासी मागवला, तर मक सूनं पुढ्यात ठेवला आणि मला तो जाईना. उठून घरी आलो. राग राग करत राळे शिजवले. मेजाशी बसलो. आणि मग कळलं की राग तुझा नव्हताच. तोक सालेह गेल्याचं वाईट वाटत होतं.

अगं, राळ्यांत काय आहे? मी तुआनसाठी खात नव्हतो. तुझी आई रोज सकाळी मला दरडावून बसवायची. ती गेल्यापासून "बस आणि खा" असं मला कुणी म्हटलेलं नाही. दवाखान्यातले म्हणतात "हे खाऊ नका." तू म्हणतेस "ते खाऊ नका." एकटा तोक सालेह म्हणाला, बसा, घास घ्या. म्हणून बसलो. दोन थेंब बुदूसाठी त्या म्हाताऱ्यानं मला परवानगी दिली तेव्हा किती बरं वाटलं, तुला सांगू?

आता तो नाही. तेव्हा मनातलं तुलाच सांगावं लागणार, इलाज नाही. नोकरी सोडून धावत येऊ नकोस. फक्त हुकूम करायचा तर तुझ्या नावानं कर. लांबलचक यादी नको.

आबाह

*

क्वालालंपूर, १४ ऑक्टोबर

आबाह,

हे पत्र तुम्हाला मंगळवारी मिळेल. टपालवाला दहाला येतो आणि तुम्ही पोरांना सोडून साडेसातलाच परत येता, म्हणजे तेव्हा तुम्ही रिकामे असाल. तरी मी ते बुधवारच्या सकाळसाठी लिहितेय. बुधवारी उठल्यावर पुन्हा उघडा आणि मेजावर ठेवा.

चला, बसा आता. आधी खाऊन घ्या. गार होतंय.

आनी